पहिला घास खंड्याला

आत्याबाईंच्या ताटातला पहिला तुकडा खंड्याला जाऊ लागला, तेव्हा मला वाटलं, कुत्र्याचं नशीब उघडलं.

संध्याकाळी जेवायला बसल्या की माझ्या सासूबाई भाकरीचा कोर मोडायच्या, कालवणात बुडवायच्या आणि दाराबाहेर टाकायच्या. खंड्या तो एका घासात गिळायचा. मग त्या त्याच्याकडे बघत बसायच्या. बाजारात शेळी घेताना दात, डोळे, कास बघतात तसं निरखून. खंड्यानं अंग झाडलं, शेपटी हलवली, पुन्हा तोंड वर करून उभा राहिला, की मग त्या स्वतःचा घास घ्यायच्या.

"मुक्या जिवाला आधी घालता, चांगलं आहे," मी एकदा म्हणाले. आदीला मांडीवर घेऊन पाजत होते.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "मुकं असतंय, पन खोटं न्हाई बोलत."

आदी पिता पिता थांबला आणि माझ्याकडे बघून हसला. ओठावर दुधाचा थेंब. मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

आमची वस्ती सिरसाळ्यापासून आत, माळाच्या कडेला. थोडी कोरडवाहू जमीन, शेळ्यांचं एक खांड, आणि आदीच्या पप्पांचा टेम्पो. ते मेंढरं-शेळ्या भरून लांबलांबच्या बाजारांना जातात, कधी दोन-दोन दिवस येत नाहीत. घरात मी, आदी, आत्याबाई आणि मामा, म्हणजे माझे सासरे आश्रुबा.

आत्याबाईंना शुगर निघाली ती आदी पोटात असताना. आमच्याकडे विहिरीला पाणी निघावं तशी शुगर निघते; कुणाच्या रानात निघेल सांगता येत नाही. आधी एक मोठी पांढरी गोळी होती, दोन्ही वेळा जेवणानंतरची. दिवाळी झाल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अजून एक बारकी गोळी वाढवली. सकाळी, न्याहारीच्या आधी. "घेतली की लगेच जेवायचं बरं का आजी," असं त्यांनी सांगितलं होतं, मला पण आणि आत्याबाईंना पण. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून पाकीट माझ्याकडे. रोज सकाळी मी गोळी तळहातावर ठेवून पुढे करायची आणि त्या उचलायच्या. कोंबडीनं दाणा उचलावा तशी, बघता बघता.

होळीपर्यंत सगळं नीट होतं. होळीच्या बाजारावरून येताना मामा मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. शेळ्या चारायचं काम आत्याबाईंवर आलं. दिवस उगवायला कोरा चहा घ्यायचा, गोळी घ्यायची, मी धडप्यात भाकर-चटणी बांधून द्यायची, आणि त्या शेळ्या हाकत माळाला लागायच्या. खंड्या मागं.

त्याच सुमाराला औषधाच्या दुकानात नेहमीची बारकी गोळी मिळाली नाही. दुकानदारानं दुसरं पाकीट दिलं. औषध तेच, कंपनी वेगळी, असं म्हणाला. आधीची बारकी गोळी पांढरी होती, ही गुलाबी निघाली. घरी येऊन मी तसंच सांगितलं. शेजारच्या साखराबाई तेव्हा ओट्यावर बसल्या होत्या. त्या आमच्या चुलत सासूबाई. नावात आहे तेवढीच साखर. अंगात नाही आणि जिभेवर तर मुळीच नाही.

"त्येच कसं आसंल गं?" साखराबाई म्हणाल्या. "रंग बदलला म्हंजे गुन बदलला. काळी शेळी इकून तांबडी आनली, तर तीच शेळी म्हनतीस का?"

"शेळीचं काय, गोळीचं काय," मी म्हणाले.

"मी आपलं बोलले बाई. माझ्या तोंडात काय ती घालायची हाय?"

आत्याबाईंनी गुलाबी गोळी उजेडात धरून बघितली. मग गिळली.

आठवडाभरात माळावरचं सुरू झालं. मला सांगितलं नाही. मामांना सांगत होत्या ते मी चुलीपाशी ऐकलं. "हातपाय कापतेत. घामानं चोळी भिजती. डोळ्यापुढं अंधारी. लिंबाला धरून बसते तवा कुठं." मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. गोळ्या चालू असताना असा घाम सुटला, थरथर झाली, तर साखर एकदम खाली गेली समजायचं, काहीतरी गोड तोंडात टाकायचं. दुसऱ्या दिवशी मी धडप्यात भाकरीबरोबर गुळाचा खडा बांधला.

"माळावर तसं झालं की हा तोंडात टाका," मी सांगितलं.

आत्याबाईंनी धडपं सोडलं, गूळ बघितला, मग मला बघितलं. "शुगरच्या बाईला गूळ?"

"डॉक्टरीणबाईच म्हणाल्यात, चक्कर आली तर."

"आन मला आज चक्कर येनार हाय, हे तुला सकाळीच कसं ठावं?"

मी हसले. असं काही कुणी मनापासून विचारत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्याबाईंनी ते हसणं जपून ठेवलं.

त्यानंतर घर हळूहळू दोन झालं. त्यांनी स्वतःसाठी वेगळा माठ भरला. चहा आपल्या हातानं करू लागल्या, आणि चहाचं भांडं पण वेगळं. आदीला तेल लावायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. तेलाची वाटी आधी हुंगायच्या, मग त्याच्या अंगाला लावायच्या. आमच्या माळावर त्यांच्यासारखं तेल कुणी लावत नाही हे खरं. आदी त्यांच्या पायांवर पालथा पडून हुंकार देत राहायचा. मी दारातून बघायची. लेकरू खूश होतं, आणि मला वाटायचं, याला माझ्यापासून तोडायला निघाल्यात का?

"तुला आताशा अंधारी येत न्हाई का?" एकदा मामांनी विचारलं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. "कावून येईल?"

खरंच थांबली होती. पण त्यांचा माठ दिवसात दोनदा रिकामा व्हायला लागला. तहान भागेना. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, ती जखम सुकेना. चेहरा उतरला. आणि पदराला एक गाठ आली. आधी छोटी होती, मग चांगली आवळ्याएवढी झाली. आदीला ती गाठ लई आवडायची. आत्याबाईंच्या मांडीवर बसला की ती हातात धरायचा, तोंडात घालायचा, लाळेनं भिजवायचा. त्या हळूच सोडवून घ्यायच्या आणि गाठ कमरेला खोचायच्या.

काय आहे गाठीत, हे मी विचारलं नाही. कुणा वैदूची पूड असेल, कुणा बाबाचा अंगारा असेल. आत्याबाईंकडून आदी परत आला की मी त्याचं तोंड हुंगू लागले. त्या तेल हुंगायच्या, मी लेकरू हुंगायची. एका घरात दोन बायका अशा वास घेत हिंडत होतो.

"दवाखान्यात जाऊन येऊ," मी म्हणाले. "जखम दाखवू, शुगर तपासू."

"थितली नर्स कोन? सत्यशीला. गाव कोनतं? उमापूर. तुझं माहेर कोनतं?"

"म्हणून काय झालं?"

"मी कुठं काय म्हनलं," आत्याबाई म्हणाल्या.

वैशाख तापला होता. एके सकाळी मी नेहमीसारखी गोळी तळहातावर ठेवली, दुसऱ्या हातात तांब्या. आदी कमरेवर. साखराबाई ओट्यावर विडा चघळत बसल्या होत्या. एवढ्या सकाळी त्या कधी येत नाहीत.

आत्याबाईंनी हात पुढे केला नाही. "आधी तू खा."

"काय?"

"गोळी. तू खा एक. मंग मी खाते."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. साखराबाईंचा विडा चघळायचा थांबला होता, म्हणजे चूक नव्हती.

"मला शुगर नाही, आत्याबाई. बिनशुगरच्या माणसानं ही गोळी खायची नसते. आणि आदी अंगावर पितोय. माझ्यात गेलेलं त्याच्यात जाईल."

"जाऊ दे की. औषधच हाय न्हवं?"

"औषध ज्याचं त्याला असतं."

"औषध असतं तर भिती कशाला?" साखराबाई उंबऱ्याकडे बघून बोलल्या, जणू उंबऱ्यालाच विचारत होत्या.

माझी मूठ आपोआप मिटली. आत्याबाईंनी माझी बोटं एकेक करून उघडली, गोळी घेतली, आणि माझ्यासमोर पदराची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. गुलाबी, पांढऱ्या, कित्येक. गालात धरून, मागं वळून काढून ठेवलेल्या. आणि त्यांच्यात चिकटलेले, काळे पडलेले गुळाचे खडे. आजची गोळी त्यांनी त्यात टाकली आणि गाठ परत आवळली.

"सगळं ठिवलंय मी," त्या म्हणाल्या. "गोळ्या सोडल्या आन अंधारी गेली. आज माझा बजरंग यील. त्येच्यापुढं मांडते."

"आणि मग?"

"मंग काय. तुला उमापूरला सोडील. पोरगं हितं ऱ्हाईल."

त्या हे ओरडून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या गोवऱ्या किती उरल्या हे सांगावं तशा बोलल्या. आदीनं माझ्या गळसरीचा मणी तोंडात घातला होता आणि तो चोखत होता. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं.

त्या दिवशी शेळ्या माळाला गेल्या नाहीत. आत्याबाईंनी दारातच बाभळीचा पाला टाकला. दुपारी डालग्याखालची करडं सोडली, ती आपापल्या आईला लुचायला धावली. एक तांबूस करडू मात्र वेगळ्या डालग्याखाली आदल्या संध्याकाळपासून कोंडलेलं होतं. ते ओरडून ओरडून दमलं होतं.

"ते सोडायचं राहिलं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

थोड्या वेळानं बघते तर आत्याबाई माझ्याकडे पाठ करून बसलेल्या. करडू गुडघ्यांत दाबलेलं. जंताचं औषध पाजताना अंगठ्यानं जबडा उघडतात, तसा उघडलेला. पदर सुटलेला.

"आत्याबाई, त्याला नका देऊ."

"कावून?" त्यांनी मान वळवली नाही. "औषध हाय न्हवं?"

दिवस कलताना टेम्पोचा आवाज आला तेव्हा करडू आडवं पडलं होतं. मान एका बाजूला लांब, पाय मधूनच झाडत होतं, अंग थरथरत होतं. आदीचे पप्पा उतरले तसे आत्याबाईंनी त्यांना हाताला धरून तिथंच आणलं. चहापाण्याचं सुद्धा विचारलं नाही.

"हे बघ. तुझ्या बायकूचं औषध. मला रोज घालत व्हती ते." त्यांनी पदर पसरला. गोळ्या, गूळ, सगळं मातीवर फडक्यात मांडलं. "दोन गोळ्यांत ही गत. मी तरी मोठ्या हाडाची म्हनून तगले."

मामा काठी टेकत लंगडत आले आणि ओट्यावर बसले. साखराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. आदीच्या पप्पांनी करडाकडे बघितलं, गोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोहिणी, काय हाय हे?"

लग्न झाल्यापासून त्यांनी मला पुष्कळ प्रश्न विचारलेत. मीठ कुठं ठेवलंय, आदी का रडतोय, डोकं दुखतंय का. असा आवाज कधी नव्हता. त्या आवाजात त्यांनीही आपला माठ वेगळा केला होता.

मी आदीला मामांच्या मांडीवर ठेवलं. फडक्यातला एक गुळाचा खडा उचलला, तळहातावर पाण्यात चुरला, आणि करडाचं तोंड उघडून हिरड्यांना चोळायला लागले.

"बघा, आता पुरावा बी खपवायला लागली," आत्याबाई पुढं आल्या.

"माय, थांब," आदीचे पप्पा म्हणाले.

मी चोळत राहिले. गालाच्या आत, जिभेखाली. घशात ओतलं तर ठसका लागून मरेल, एवढं मला कळत होतं. दुसरा खडा चुरला. काही होत नव्हतं. मागं आदी भुकेनं रडायला लागला आणि त्याच्या रडण्यासरशी माझी चोळी दुधानं ओली झाली. मी उठले नाही. हे करडू गेलं तर त्या रडण्यापर्यंत माझा हात उद्या पोचणार नव्हता.

मग बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. जीभ. करडानं एकदा चाटलं, थांबलं, परत चाटलं. मी गूळ चोळत गेले. बऱ्याच वेळानं त्यानं मान उचलली, इकडं तिकडं बघितलं, पुढचे पाय दुमडून उठायला गेलं, पडलं, परत उठलं. आणि माझ्या कोपराला डोकं मारून दूध शोधायला लागलं.

"सोडा त्येला आईकडं," मामा म्हणाले.

करडू लुचायला लागलं. मी आदीला घेतलं, भिंतीकडे तोंड करून पदराखाली धरलं. दोघांचं लुचणं एकदमच ऐकू येत होतं.

साखराबाईंनाच राहवलं नाही. "उतारा बरोब्बर ठावं हाय म्हना."

"मी दुसरं काय म्हनत व्हते?" आत्याबाई म्हणाल्या. "इख घालनाऱ्यालाच उतारा ठावं असतो."

मला वाटलं होतं, करडू उठलं की मी सुटले. आता कळलं की उठलं म्हणूनच जास्त अडकले.

"गुळानं उतरनारं इख मी तर न्हाई बघितलं," मामा हळूच म्हणाले. "सापानं डसलेल्या शेळीला कितीबी गूळ चार, ती उठती का?"

"तुमी गप बसा. तुमाला तिच्या हातचं कालवन लई ग्वाड लागतं."

मी वळले. "आत्याबाई, एक विचारू? माळावर अंधारी आली की तुम्ही काय करायच्या?"

"बसायचे."

"आणि मग?"

"मंग काय. पानी प्यायचे. पडून ऱ्हायचे."

"आणि भाकर कधी खायच्या?"

"शेळ्या पानी प्याल्यावर."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चुलीत आधी लाकूड घालतात का राख असं विचारलं. "जित्राबाच्या तोंडाला पानी लागल्याबिगर राखनारानं भाकर सोडायची नसती. माझ्या सासऱ्यानं न्हाई सोडली, ह्यांनी न्हाई सोडली. एवढं बी ठावं न्हाई तुला?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांचं घर कापसाचं. तिथं माणसं शेताच्या धुऱ्यावर बसून भूक लागली की खातात. इथं मामा शेळ्यांमागं जायचे तेव्हा संध्याकाळी धडपं रिकामं यायचं, एवढंच मी बघत होते. ते कधी सुटतं हे विचारायचं कधी कारण पडलं नव्हतं. आणि मामांना शुगर नाही.

"पाणी कुठं पाजता आता?"

"नाला तर आटला. पार पलीकडच्या तळ्यावर न्यावं लागतं."

"पोचेपर्यंत दिवस कुठं येतो?"

त्यांनी डोक्याकडे बोट केलं.

"म्हणजे गोळी उगवतीला, कोऱ्या चहावर," आदीचे पप्पा मध्येच बोलले. "आन भाकर उन्हं डोक्यावर आल्यावर. आन मधी चालनं."

"जवा ह्ये शेळ्यांमागं जायचे आन मी घरी व्हते, तवा न्हाई आली ती अंधारी," आत्याबाई म्हणाल्या. "गोळी गुलाबी झाली तवा आली."

"तुम्ही घरी होता तेव्हा गोळी घेतली की भाकर खायच्या. मी तव्यावरची गरम द्यायची." मी आदीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ते करडू कधीपासून उपाशी होतं?"

आत्याबाईंनी फडक्याची कड सरळ केली.

"काल सांजच्यापून," मामा म्हणाले. "रातभर आरडत व्हतं."

"आणि भाकर खाल्ल्यावर तुमची अंधारी जायची का राहायची, आत्याबाई?"

त्यांनी लुचणाऱ्या करडाकडे बघितलं. "जायची," त्या म्हणाल्या.

"कुनाच्या हातची भाकर?" मामांनी विचारलं आणि मिशीत हसले. "म्हंजे मारती बी हीच आन वाचवती बी हीच. लई कामाची पोरगी हाय बे बजरंगा."

आत्याबाईंनी फडकं गोळा केलं. "मला मोठ्या दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या. "परळीला. आन ही न्हाई येनार. हिनं पढवलेला डाक्तर मला नको."

दुसऱ्या दिवशी मायलेक टेम्पोनं परळीला गेले. गोळ्यांची फडक्यातली गाठ आणि दोन्ही पाकिटं, जुनं पांढऱ्याचं आणि नवं गुलाबीचं, बरोबर नेलं. जाताना आत्याबाईंनी आदीला उचललं, उन्हाकडे बघितलं आणि परत माझ्याकडे दिलं. "ऊन लई हाय," एवढंच म्हणाल्या. मग मामांना, "ध्यान ठिवा."

तो दिवस काही केल्या सरेना. मी आदीची टोपडी, लंगोट, दुपटी घडी करून पिशवीत भरली. मग काढून परत दोरीवर टाकली. मग परत भरली. आदीला वाटलं खेळ आहे. मी घडी घातली की तो मोडायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

"मला राखन ठिवलंय तुझ्यावर," मामा बाजेवरून म्हणाले. "एका पायाचा मानूस. तू पळालीस तर मी काय धरनार, सावली?"

मी रडता रडता हसले. मामांनी पाठ फिरवून घोरण्याचं नाटक केलं.

ते परत आले तेव्हा आत्याबाई थेट आपल्या माठाशी गेल्या, पाणी प्यायल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. आदी रांगत त्यांच्याकडे गेला आणि सवयीनं पदर ओढून गाठ शोधायला लागला. पदर मोकळा होता.

आदीच्या पप्पांनी सांगितलं. बोट टोचून तपासलं तर शुगर आभाळाला. इतके दिवस गोळ्या गालात ठेवल्या म्हणून. डॉक्टर आधी त्यावरच चिडले. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, काही वाटलं तर येऊन विचारायचं. मग दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून वाचली. औषध एकच, ताकदही तीच. बारकी गोळी साखर खाली आणते. पोटात काही नसताना, वर ऊन आणि चालणं असलं की जास्तच खाली जाते. गूळ बांधून दिला ते बरोबरच होतं. गूळ खायचा, बसायचं, बरं वाटलं की भाकर खायची, आणि दवाखान्यात कळवायचं. बारक्या गोळीचा डोस त्यांनी कमी करून दिला होता. ती भाकर समोर आल्यावरच घ्यायची. जेवण नसेल त्या वेळेला ती नाही. मोठी पांढरी जेवणानंतर, पहिल्यासारखीच. पंधरा दिवसांनी परत तपासणी.

"आणि करडाचं सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं. मला वाटलं हसतील. न्हाई हसले." त्यांनी आईकडं बघितलं.

"सांग की," आत्याबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते.

"त्यांनी इचारलं, ह्या गोळ्या कुठं ठिवल्या व्हत्या? माय म्हनली, पदराला. ते म्हनले, घरात बारकं लेकरू हाय का? हाय म्हनलं. तर म्हनले, आजी, ह्यातली एक जरी लेकराच्या पोटात गेली असती, तर गूळ चोळायला बी वेळ मिळाला नसता."

आदी अजून पदर उलटापालटा करत होता. शेवटी त्यानं पदराचं टोकच तोंडात घातलं. आत्याबाईंनी डोळे उघडले, त्याच्या तोंडातून ते काढलं, आणि त्याला छातीशी इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

"लाळ गळायची त्या गाठीवर," त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कळलं नाही. "मी आपली पुसून खोचायचे."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आदीनं एक हात त्यांच्या चोळीला धरला होता, दुसरा माझ्या.

आत्याबाई खाकरल्या. "मी इचारलं डाक्तरला. गोळी कावून बदलली, नाव काय, पहिली कावून बंद केली. त्यो म्हनला, असंच इचारत जा आजी, दर खेपेला दुकानदाराला इचारायचं." त्यांच्या आवाजात थोडा तोरा आला होता. "म्हनला, तुमच्यावानी शक्की पेशंट पायजेत."

"बघा," मामा बाजेवरून म्हणाले, "आता दुकानदाराचं काय खरं न्हाई."

"पन एक सांगते," आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "शेळ्यांच्या आधी मी भाकर खानार न्हाई. डाक्तरनं सांगू दे न्हाई तर त्येच्या बापानं."

गोळ्या मी डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवल्या, आदी उभा राहायला लागला तरी हात पोचणार नाही अशा. आणि विचार करत राहिले.

सकाळी मी त्यांच्या आधी उठले. दारापुढं जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हाळ आहे. उन्हाळ्यात तो कोरडाच पडतो, कारण बोअरचं पाणी जपून वापरावं लागतं. मी धुणं आज राहू दिलं आणि त्या पाण्याच्या घागरी हाळात ओतल्या. शेळ्या सकाळी पाण्याला तोंड लावत नाहीत, म्हणून मूठभर भरडा टाकला, वर मीठ. वाडगं उघडलं. आधी बोकड आला, मग एकेक करत सगळं खांड हाळाला लागलं. परवाचं तांबूस करडू पाय हाळावर टाकून उभं होतं.

आत्याबाई बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"पान्यात काय टाकलंस?"

"मीठ. आणि भरडा."

त्या हाळापाशी गेल्या, बोट बुडवलं, जिभेला लावलं. पिणाऱ्या तोंडांकडे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघून घेतलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या.

मी तव्यावरची भाकर आणि ठेचा समोर ठेवला. फळीवरचा डबा काढून पाकीट त्यांच्यासमोर धरलं.

"नाव वाच."

वाचलं.

"जुनीचं बी हेच व्हतं?"

"हेच होतं."

"तारीख वाच. सरून गेलेली न्हाई न्हवं?"

तीही वाचली आणि गोळी काढली. त्यांनी गोळी माझ्या तळहातावरून उचलली आणि पाण्याबरोबर गिळली. तोंड उघडून मला जीभ दाखवली, लेकरं दाखवतात तशी. मग भाकरीचा कोर मोडला आणि ठेच्यात बुडवला.

खंड्या आपल्या जागेवर येऊन बसलाच होता. मान वर, शेपटी मातीत फिरत. आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या कडेवरच्या आदीकडं.

"जा," त्या म्हणाल्या त्याला. "तुझं काम झालं."

आणि तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला. खंड्या बराच वेळ तसाच बसून राहिला. त्याला काही पटलं नव्हतं.